रिकामा डबा परत करू नये

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीआधी, घरातला माळा आवरायला काढला. निवृत्त माणसाला घरात कामं शोधून दिली जातात, त्यातलंच हे एक. जुन्या चादरी, बंद पडलेला मिक्सर, मुलाची क्रिकेटची बॅट आणि माझ्याच एका कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा असा ऐवज खाली उतरवता उतरवता एक स्टीलचा डबा हाती आला. गोल, कडीचा, दोनेक किलो जिन्नस सहज मावेल असा. आमच्या घरातल्या भांड्यांवर एकतर आईचं नाव आहे, नाहीतर पत्नीचं. या डब्यावर तिसरंच नाव होतं आणि नावापुढे साल कोरलं होतं, १९७९. मी डबा घेऊन शिडीवरच बसलो. खालून पत्नीनं विचारलं, "काय सापडलं?" मी म्हटलं, "देणं."

तो डबा वसईच्या एका बाईंचा. १९८५ च्या नाताळात तो भरून आमच्या घरी आला आणि परत करायचा राहून गेला. आयुष्यभर बँकेत बसून लोकांच्या थकबाकीवर शेरे मारणाऱ्या माणसाच्या माळ्यावर एकोणचाळीस वर्षांची थकबाकी निघावी, ही गोष्ट वाचकांना गमतीची वाटेल. मला त्या दिवशी तरी वाटली नाही.

मी १९८२ साली बँकेत लागलो आणि दोन वर्षांनी वसई तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी म्हणून गेलो. तेव्हा तिथे महानगरपालिका नव्हती, ती आली २००९ साली. पालघर जिल्हा तर त्याहून अलीकडचा, २०१४ चा. ठाणे जिल्ह्यातला एक हिरवागार कोपरा, एवढीच त्या भागाची ओळख. केळीच्या वाड्या, पानवेली, फुलांचे आणि भाजीचे मळे, विहिरी, आणि मधूनमधून चर्चचे पांढरे मनोरे. पहाटेच्या लोकलनं फुलांच्या टोपल्या दादरला घेऊन जाणाऱ्या बायका अकराच्या सुमाराला आमच्या काउंटरवर येत आणि ओच्यातल्या ओलसर नोटा समोर ठेवत. त्या नोटांना मोगऱ्याचा वास यायचा.

मी घाटावरचा. ख्रिस्ती माणूस म्हणजे इंग्रजी बोलणारा, हा माझा समज तिथे पहिल्या आठवड्यातच गळून पडला. पासबुकावर नाव पोर्तुगीज वळणाचं आणि तोंडात अस्सल मराठी. कुणाची वाडवळी, कुणाची कादोडी. उत्तर वसईतले लोक स्वतःला कुपारी म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोम्पाद्रे'वरून आला, असं ते सांगतात. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली मराठी ओव्यांत छापलं गेलं, म्हणजे या मंडळींची आणि मराठीची सोयरीक चारशे वर्षांहून जुनी. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, तेव्हा अनेकांना नवल वाटलं. वसईत नोकरी केलेल्या माणसाला ते वाटायचं कारण नव्हतं. आणि उसनवारी म्हणाल, तर ती दोन्हीकडून आहे. आम्ही बँकवाले ज्यासाठी राबतो तो 'पगार' आणि तिजोरीची 'चावी' हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. 'नाताळ'ही तिथूनच आलेला.

शाखेचे हेडकॅशियर त्याच भागातल्या एका गावचे. वय पन्नाशीचं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला काकी. मी हुद्द्यानं वरचा, म्हणून ते मला साहेब म्हणायचे, पण काम मी त्यांच्याकडून शिकलो. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपे. मार्चअखेरचा हिशेब १९८९ पासून सुरू झाला. त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची परीक्षा. संगणक नव्हते. बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघे, आणि ते खात्यागणिक हातानं काढावं लागे. जमाखर्चाची बेरीज काही केल्या जुळत नसे. "साहेब, फरकाला नऊनं भाग जातोय का बघा," काका म्हणायचे. "जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

या धांदलीत काका २४ तारखेला संध्याकाळी लवकर निघत, २५ ला सुट्टी असे, आणि २६ ला सकाळी त्यांच्या सायकलच्या हँडलला एक भलामोठा डबा लटकत येई. त्यात कुलकुल, नेवऱ्या, खजुराचे रोल, पेरूची लालसर वडी आणि केक. केकला रमचा वास असे आणि त्यावर मॅनेजरसाहेब दर वर्षी तोच विनोद करीत. रात्री साडेअकराला, फरक सापडत नसताना, लेजरवर सांडू नये म्हणून ओंजळीत धरून खाल्लेले ते कुलकुल मला अजून आठवतात.

१९८५ च्या ऑक्टोबरात माझे वडील गेले. त्या वर्षी दिवाळीत आमच्या घरी तळण लागलं नाही. आपल्याकडची रीत अशी, की ज्या घरात दुःख झालं त्या घरी नातलगांनी, शेजाऱ्यांनी फराळ द्यावा. पण आमचे नातलग लांब होते आणि वसईतलं भाड्याचं घर नवं. चार लोक भेटून गेले, पण दिवाळी कोरडीच गेली. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. आई त्याच्याकडे बघायची आणि पदर डोळ्यांना लावायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आणि काकी आमच्या दारात उभे राहिले. काकींच्या हातात हा डबा होता. आईच्या शेजारी बसत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे यंदा गोड झालं नाही, हे यांनी सांगितलं. तुमच्यासाठी मुद्दाम काही केलं नाही हो, घरात केलं त्यातलंच आणलंय. पोराच्या तोंडात काहीतरी पडायला पाहिजे." आई अंडं खात नसे. ती संकोचून गप्प राहिली. तेव्हा काकींनी डब्यातून एक कागदाची पुडी वेगळी काढली. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आजींसाठी. अंड्याशिवाय.' नुसत्या नारळाच्या दुधात मळलेले कुलकुल होते ते. मुद्दाम काही केलं नाही म्हणणाऱ्या बाईनं आईसाठी वेगळं पीठ भिजवलं होतं, वेगळ्या तुपात तळलं होतं.

रिकामं भांडं परत करू नये, हे आईनंच आम्हाला शिकवलेलं. "संक्रांतीला तिळाच्या वड्या करू आणि डबा पाठवू," ती म्हणाली. संक्रांतीला ती आजारी पडली. मार्चमध्ये माझी बदली झाली. सामान बांधताना डबा कुठल्याशा पेटीत गेला, आणि मग दर बदलीत त्या पेटीबरोबर फिरत राहिला. १९९१ च्या नोव्हेंबरात काका वारल्याचं एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्रातून कळलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी काकींना चार ओळींचं पत्र टाकलं. मी तेव्हा नागपुरात होतो, काम फार होतं. ही कारणं तेव्हा मला खरी वाटली होती. त्या डिसेंबरात काकींच्या घरी काही गोड झालं असेल का, आणि नसेल तर आता पाळी कुणाची आहे, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडायला २०२४ साली शिडीवर बसावं लागलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी वसईला गेलो. पत्नीनं डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले. त्यातलं बेसन मी भाजलं होतं, हेही नोंदवून ठेवतो. स्टेशनपासून गावापर्यंत दुतर्फा इमारती आहेत. मधेच एखादी केळीची वाडी आणि काठ झिजलेली विहीर दिसते, तेव्हा आपण बरोबर रस्त्यावर आहोत याची खात्री पटते. घर सापडलं. दार उघडलं ते काकींच्या सुनेनं. डब्यावरचं नाव वाचून त्या क्षणभर बोलल्याच नाहीत. काकी जूनमध्ये गेल्या होत्या.

म्हणजे मी सहा महिने उशिरा पोहोचलो होतो. खरं तर एकोणचाळीस वर्षं, पण मनाला सहा महिन्यांचाच हिशेब जास्त लागला.

घरात नाताळची तयारी दिसत नव्हती. सूनबाईंचे गुडघे गेलेले, शेगडीजवळ उभं राहवत नाही. घरात दुःख झालेलं, तेव्हा यंदा साधेपणानंच करू, थोडंफार विकत आणू, असं थोरल्यांचं ठरलं होतं. "पण पोरं ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या. पोरं म्हणजे त्यांचा मुलगा आणि सून. २०२३ च्या मे महिन्यात लग्न झालेलं, दोघंही तिशीच्या आतबाहेर. पंधरा मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. "त्यांनी त्यांच्या फ्लॅटमध्ये कारखाना मांडलाय. तुम्ही तिकडेच जा. डबा त्यांनाच द्या."

गेलो. दार उघडणाऱ्या तरुणाच्या कोपरापर्यंत मैदा होता. मी नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही ते बँकेतले साहेब? आजी सांगायची, साहेबांच्या आईसाठी अंड्याशिवाय केले होते म्हणून." मला जे आठवायला माळा आवरावा लागला, ते त्या घरात नातवापर्यंत पोहोचलं होतं.

तो संगणक कंपनीत नोकरीला आहे, ती फिजिओथेरपिस्ट. तो वसईचा कुपारी. तिचं माहेर अंधेरीला, पण घराणं मंगळुरी, घरची भाषा कोकणी. दोघं कॅथलिक असली तरी नाताळचा फराळ दोन घरांचा दोन तऱ्हांचा. तिच्याकडे या सगळ्याला मिळून 'कुस्वार' म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, गुलाबाच्या फुलासारख्या साच्यात तळलेली कुरकुरीत बिस्किटं असतात, चकल्याही असतात. आणि ज्याला वसईत कुलकुल म्हणतात, त्याला तिच्या माहेरी 'किडियो' म्हणतात, म्हणजे किडे. "लग्नानंतर पहिल्याच नाताळात मी सासूबाईंना विचारलं, किडे कधी करायचे? सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं," ती सांगत होती. दोन घरांच्या रीती एका ओट्यावर आल्या म्हणजे काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सासुरवाशिणीला सांगायला नको. चकलीत हिंग घालायचा की नाही, यावर आमच्याकडे चाळीस वर्षं वाद आहे.

पण मला सांगायचं आहे ते एका वहीबद्दल. २०२३ चा नाताळ हा तिचा या घरातला पहिला आणि काकींचा शेवटचा. पंच्याऐंशीच्या काकी खुर्चीत बसून प्रमाण सांगत. नातसुनेनं विचारलं, "आजी, दूध किती घालू?" काकी म्हणाल्या, "पीठ घेईल तेवढं." साखर? "जिभेला लागेल एवढी." तूप? "मूठ वळेल इतकं." आपल्या आज्या-पणज्यांनी सगळा स्वयंपाक याच मापानं केला. पण ही मुलगी हुशार. तिनं काट्याचं वजनयंत्र मागवलं. काकींना सांगितलं, तुम्ही तुमच्या हातानं घाला, फक्त घालण्याआधी भांडं इथे ठेवा. काकी मूठ भरणार, ही त्या मुठीचं वजन करणार, तो वहीत लिहिणार. वहीतलं पान त्यांनी मला दाखवलं. मैदा १ किलो, साखर २५० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, अंडी ३, मीठ चिमूटभर, एका मोठ्या नारळाचं दाट दूध. आणि त्याखाली कंसात, 'पीठ घेईल तेवढं.' ती म्हणाली, "ते वाक्य काढून टाकवेना. खरंही आहे. नारळ प्रत्येक वेळी वेगळा निघतो."

थोरल्यांनी यंदा नको म्हटलं, तेव्हा दोघांनी हट्ट धरला तो एवढ्यासाठीच. तो मला म्हणाला, "अंकल, वही आहे. पण वहीत हात नाहीत. आजीचा हात आम्ही एकच वर्ष बघितलाय. यंदा गॅप पडली तर पुढच्या वर्षी आम्ही विकतच आणू, आणि मग कायमच आणू. आजीसाठी थांबवायचं म्हणतात. मला वाटतं, तिच्यासाठीच करायला हवं." दोन्ही बाजू मला समजत होत्या. सुतक पाळणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं आणि शेगडी पेटवणाऱ्याचंही नसतं.

मला काट्याचा चमचा देऊन त्यांनी कामाला बसवलं. गोटीएवढा गोळा घ्यायचा, काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबत पसरायचा आणि खालून वर गुंडाळत आणायचा. शंखासारखी वळी होते आणि तिच्यावर रेघा उमटतात. काकी याच कामाला नवा कंगवा वापरत. तो कंगवा वर्षभर कापडात बांधलेला असे, आणि या वर्षीही तो होता, पण नातसून सोडून कुणालाच जमत नव्हता. किलोभर मैद्याचे साडेतीनशेच्या आसपास कुलकुल होतात. त्यांनी दोन किलो भिजवला होता. तळताना आच मंद ठेवावी लागते, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्चे. शेजारच्या शेगडीवर पेराद, म्हणजे पेरूची वडी, शिजत होती. पिकलेले पेरू शिजवून, बिया गाळून, गराच्या बरोबरीनं साखर घालायची आणि कडा सुटेपर्यंत ढवळत राहायचं. हा रटरटणारा लगदा हातावर उडला तर फोड येतो. दोघांनी मोबाइलवर गजर लावून दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. त्याच्या मनगटावर दोन ताजे डाग होते आणि ते तो अभिमानानं दाखवत होता.

हे डाग मला महत्त्वाचे वाटतात. घरच्या पदार्थांचं कौतुक करताना आपण पुरुष एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. 'आमच्या आईच्या हातची चव' या चार शब्दांमागे आईची कंबर असते. काका डबा सायकलला लावून आणत आणि शाबासकी घेत. त्या डब्यामागे काकी किती रात्री जागल्या, हे आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हा परंपरा बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी सांगावं, की ती चालू होती तेव्हा आपण ओट्याच्या कोणत्या बाजूला होतो. नोकरी करून, लोकलला लटकून घरी येणाऱ्या बाईनं फराळ विकत आणला, तर त्यात काडीइतकाही दोष नाही. शिवाय तो विकतचा फराळसुद्धा कुठल्या तरी घरातच होतो. वसईत घरगुती केक आणि नाताळची मिठाई करून संसार सावरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांपैकी दोघींच्या ओव्हनच्या कर्जावर माझी सही आहे, आणि ती दोन्ही कर्जं वेळेवर फिटली. विकत घेण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही.

माझं म्हणणं थोडं निराळं आहे. पदार्थ विकत मिळतो, पण तो करताना आजूबाजूला जे होतं ते मिळत नाही. कुलकुल वळणं हे एकट्याचं काम नव्हे. सातशे कुलकुल वळताना माणसं बोलतात. त्या दुपारी मला समजलं की काकी पोहायला विहिरीत शिकल्या होत्या, काका चोरून कविता लिहीत, आणि नातसुनेची आजी मंगळुराहून मुंबईला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत नेवऱ्यांचा साचा होता. कुणी कुणाला मुलाखत दिली नाही. हात गुंतलेले असले की जीभ मोकळी होते. आपल्याकडे मोदकांबरोबर एक करंजी करतात, एकटं कुणी नको म्हणून. आमच्या चाळीत दिवाळीच्या करंज्याही अशाच चार घरच्या बायका मिळून करीत. आज ती पोळपाटं वेगळी झाली. करंजीला नेवरी म्हणा किंवा नेवरीला करंजी, आतलं सारण नारळाचंच आहे.

त्यांच्या खिडकीशी गोठा मांडला होता. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी येशूजन्माचा देखावा उभा केला, तिथपासून ही प्रथा रुजली असं मानतात. वसईत गावोगाव मोठमोठे गोठे होतात. या दोघांचा मात्र वीतभर. पण बशीत नाचणी पेरून तिचं हिरवं शेत केलं होतं, आणि गोठ्यामागे निळ्या कागदाचं आकाश न लावता काकींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला होता. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांपैकी दोन जळून आखूड झालेल्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची. वाट बघायची सुद्धा एक शिस्त असते, हे मला त्या मेणबत्त्यांकडे बघून जाणवलं.

मी निघताना त्यांनी यादी काढली. इमारतीतली बावीस घरं. त्यांतल्या सात घरांतल्या माणसांशी ही दोघं दीड वर्षात एकदाही बोललेली नव्हती. "त्यांनाही देणार?" मी विचारलं. "त्यांनाच तर आधी," ती म्हणाली.

पुढे काय झालं ते तिनं मला जानेवारीत फोनवर सांगितलं. चार दारं उघडलीच नाहीत. एका घरी दाराच्या फटीतून विचारलं, "पार्सल आहे का? खाली वॉचमनकडे ठेवा." आणि एका गृहस्थांनी ताट हातात घेतलं, वरचा रुमाल उचलून पाहिलं आणि खिशात हात घालत विचारलं, "किती झाले?" त्यांना वाटलं, ही दोघं विकायला आली आहेत. ही गोष्ट सांगताना ती हसत होती. मला हसू आलं, पण पुरतं नाही. शेजारून आलेल्या ताटाची किंमत विचारणारा माणूस वाईट नसतो. दाराशी येणारा प्रत्येक जण काहीतरी पोहोचवायला येतो आणि पैसे घेऊन जातो, एवढंच त्यानं गेल्या काही वर्षांत पाहिलेलं असतं. हिशेब जागच्या जागी मिटवायची सवय आपल्याला लागली आहे. ती सोयीची आहे हे मी मान्य करतो.

बँकेत मी हेच केलं. वर्षअखेर आली की सस्पेन्स खात्यातली एकेक नोंद शोधायची आणि मिटवायची. कुणाचं येणं नको, कुणाचं देणं नको, दोन्ही बाजू सारख्या. बँकेला ते शोभतं. शेजारपणाला शोभत नाही. ज्या दिवशी दोन घरांमधलं देणंघेणं पूर्ण फिटतं, त्या दिवशी दोन्ही घरं एकमेकांना मोकळी होतात. म्हणूनच आपल्या जुन्या बायका भांडं रिकामं परत करीत नसत. धुऊन, पुसून, चिमूटभर साखर का होईना घालून पाठवत. पलीकडचीनं ते रिकामं केलं की पुन्हा तिच्यावर पाळी. कोण कुणाचं देणं लागतं, हे कधी ठरूच नये अशी ती व्यवस्था होती.

तेव्हा वाचकहो, नाताळ असो की दिवाळी, सगळा फराळ घरी करा असं सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते शक्यही नाही. एक पदार्थ करावा. घरातल्या पुरुषांना आणि पोरांना ओट्याच्या कामाच्या बाजूला उभं करून करावा. तो बिघडला तरी चालेल. मी वळलेले कुलकुल किड्यांसारखेही दिसत नव्हते, त्यांना त्यांनी 'साहेबांचे' म्हणून वेगळं ठेवलं. आणि त्यातला वाटा अशा एका तरी दाराशी न्यावा, ज्याच्याआड कोण राहतं हे आपल्याला ठाऊक नाही. ज्या घरात यंदा दुःख झालं असेल, तिथे आधी. त्यांना काय चालतं, काय चालत नाही, हे विचारून घ्यावं. पुडीवर पेन्सिलीनं लिहायला दोन शब्द पुरतात.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. संक्रांतीच्या दिवशी त्यांच्या पत्नी ताट घेऊन चौथ्या मजल्यावर आल्या. ताटात तिळाचे लाडू होते. "परवा यांचं चुकलं," एवढंच म्हणून त्या आत येऊन बसल्या आणि तासभर बसल्या. बावीसपैकी नऊ ताटं भरून परत आली आहेत, बाकीची नुसती धुऊन आली. तिनं नावं लिहून ठेवलेली नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, "अंकल, तुम्ही बँकेतून बाहेर या."

राहता राहिला डबा. त्या रविवारी मी तो त्या दोघांच्या हाती दिला, क्षमा मागितली आणि एका ओझ्यातून सुटलो असं समजलो. निघायच्या वेळी ती आत गेली, लाडू काढून घेतले, आणि डब्यात कुलकुल, पेराद आणि खजुराचे रोल भरून तो माझ्या हातात परत ठेवला. मी म्हटलं, "अगं, हा परत करायलाच तर आलो होतो." ती म्हणाली, "रिकामा कसा नेणार?"

डबा सध्या आमच्याकडे आहे, माळ्यावर नाही तर ओट्यावर. या नाताळाला तो वसईला जायचा आहे. काय भरायचं यावर घरात चर्चा चालू आहे. मी म्हणतो, शंकरपाळे करू. पत्नी म्हणते, "लाटायला तुम्ही असाल तर."